पाणी प्या आणि थांबा

पुणे-लोणावळा लोकलला संडास नाही.

हे वाक्य वाचून तुम्हाला काहीच वाटलं नसेल तर तुम्ही तरुण आहात, किंवा नशीबवान आहात. ६४ किलोमीटरचं अंतर, सव्वा ते दीड तासाचा प्रवास आणि मध्ये शिवाजीनगर, खडकी, दापोडीपासून थेट कान्हे, कामशेत, मळवलीपर्यंत पंधराएक स्टेशनं. कॉलेजात असताना मलाही ही यादी पाठ होती, पण ती झोप लागली तर कुठे जाग यायला हवी एवढ्यासाठी. आमच्या बाबांना ती वेगळ्या कारणासाठी पाठ आहे. कुठल्या स्टेशनावर मुतारी फलाटाच्या कुठल्या टोकाला आहे, कुठली नेहमी कुलूपबंद असते आणि उतरावंच लागलं तर पुढच्या लोकलला किती वेळ आहे, हा सगळा नकाशा त्यांच्या डोक्यात आहे.

बाबांना २०२१ साली प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. एका कारखान्यातून निवृत्त होऊन नाणे मावळातल्या आमच्या गावी, कामशेतपासून थोडं आत, आईबरोबर राहत होते. अजूनही तिथेच राहतात. मी हिंजवडीत नोकरी करतो, वाकडला राहतो आणि शनिवार-रविवार जमेल तसा गावी जातो.

या विषयावर लिहू का म्हणून त्यांना विचारलं होतं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लिही. नाव घालू नकोस. गावात सगळ्यांना माहितीये, पण लिहिलेलं वेगळं."

लिहावंसं वाटलं त्याचं कारण असं. त्या वर्षात मी कर्करोगाबद्दल मिळेल ते वाचत होतो. जवळजवळ प्रत्येक लेख दोनपैकी एका जागी थांबायचा. एक तर निदान झालं त्या दिवशी, नाहीतर "आणि त्यांनी कर्करोगावर मात केली" या वाक्यापाशी. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर रिलीज झालं, केक कापला, सगळे घरी गेले. पण खरं काम रिलीजनंतर सुरू होतं हे आम्हा लोकांना कुणी सांगायला नको! मात केल्यानंतरच्या मंगळवारी सकाळी त्या माणसाचं काय होतं, हे कुठेच लिहिलेलं नसायचं.

तर आधी थोडं शास्त्र. प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, अक्रोडाएवढी. मूत्राशयाच्या बरोबर खाली असते आणि लघवीची नळी तिच्यामधूनच जाते. वय वाढलं की ती बहुतेक पुरुषांत वाढते. धार बारीक होते, रात्री उठावं लागतं. त्यात कर्करोग असतोच असं नाही, बहुतेक वेळा नसतोच. गंमत अशी की कर्करोग सुरुवातीला बहुधा काही त्रासच देत नाही. म्हणजे त्रास होतो तेव्हा तो साधा वाढीचा असतो, आणि जे खरं घातक ते गप्प असतं. बाबांनी दोन वर्षं "वय झालं" म्हणून काढली, आणि आमच्या भागात हे असंच म्हणतात.

जगभरात २०२२ या एका वर्षात प्रोस्टेट कर्करोगाचे १४ लाख ६० हजारांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले. पुरुषांमध्ये फुप्फुसाच्या खालोखाल हाच. आपल्याकडे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे, पण पुण्यासारख्या शहरात तो पुरुषांच्या मुख्य कर्करोगांमध्ये मोजला जातो. खेड्यात त्याहून कमी. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, म्हणून निदान हा फरक आपल्याला आकड्यांत दिसतो. पण खेड्यात कमी दिसण्याचं एक कारण तपासणीच कमी होते हेही असणार. जे शोधलंच नाही ते मोजणार कसं?

बाबांचे रिपोर्ट आले ते असे: पीएसए ३८, बायॉप्सीत ग्लिसन ४ अधिक ४ म्हणजे ८. ग्लिसन हे डोनाल्ड ग्लिसन या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टचं नाव. १९६६ साली त्यांनी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती विस्कटलेल्या दिसतात यावरून गुण द्यायची पद्धत मांडली. ८ म्हणजे चांगले गुण नाहीत. पण स्कॅनमध्ये हाडांत किंवा लांब कुठे पसरलेला दिसला नाही. डॉक्टर म्हणाले, "धोका जास्त आहे, पण वेळ गेलेली नाही." त्या एका वाक्यावर आमच्या घराने पुढचे दोन महिने काढले.

इलाज ठरला तो असा: किरणोपचाराच्या २५ बैठका आणि जवळजवळ दोन वर्षं हार्मोनचे उपचार.

इथे पहिला प्रश्न आला. किरण फक्त प्रोस्टेटला द्यायचे की ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही? डॉक्टरांनी दुसरा पर्याय सुचवला आणि कारणही सांगितलं. मी घरी येऊन तो अभ्यास शोधून वाचला. तो मुंबईच्या टाटा मेमोरियलमधला निघाला. डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात जास्त धोक्याचे २२४ रुग्ण घेतले. निम्म्यांना फक्त प्रोस्टेटवर किरण दिले, निम्म्यांना ओटीपोटावरही. निकाल २०२१ साली छापून आला, म्हणजे बाबांच्या निदानाच्याच वर्षी. पाच वर्षांनंतर पीएसए पुन्हा न चढलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात सुमारे ८१ टक्के होतं, दुसऱ्या गटात ९५ टक्के. पण एकूण किती जण जगले यात तोपर्यंत फरक दिसला नव्हता, आणि लघवीचे उशिरा येणारे त्रास दुसऱ्या गटात जास्त होते.

हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आजार परत यायची भीती कमी, पण लघवीचा वैताग जास्त?" मी म्हणालो, "हो, साधारण तसंच." "मग वैताग चालेल." आमच्या ऑफिसात असा निर्णय घ्यायला तीन मीटिंगा लागल्या असत्या.

दुसरा प्रश्न मात्र एवढा सोपा नव्हता. हार्मोनचा उपचार म्हणजे काय, हे समजावण्याचं काम माझ्यावर आलं. चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी १९४१ साली दाखवलं की प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी हार्मोनवर, टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो. ते बंद केलं की तो आकसतो. १९६६ साली त्यांना त्याचं नोबेल मिळालं. हे हार्मोन बंद करायचे दोन मार्ग. एक, लहानसं ऑपरेशन करून अंडकोष काढणं. एकदाच खर्च, कायमचा उपाय. दुसरा, ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन. ते महाग, पण उपचार संपला की हार्मोन परत येण्याची शक्यता राहते.

मी हे सगळं शक्य तेवढ्या सभ्य शब्दांत सांगत होतो. बाबांनी मध्येच थांबवलं. "म्हणजे बैल बडवतात तसं."

आमच्या आजोबांची बैलजोडी होती. खोंड नांगराला जुंपायच्या आधी काय करतात ते त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. मी गप्प झालो. आई भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. मग बाबाच म्हणाले, "बडवलेला बैलच शेवटपर्यंत नांगर ओढतो. खोंडाचा काय उपयोग?" आणि हसले. आम्हीही हसलो, पण त्या रात्री कुणी फारसं जेवलं नाही.

त्यांनी इंजेक्शन निवडलं. दोनच वर्षांचा प्रश्न आहे तर मागे यायला वाट असू दे, म्हणाले. आजार पसरलेल्या ज्यांना हा उपचार जन्मभर घ्यायचा असतो ते पुष्कळ जण ऑपरेशन निवडतात, आणि त्यात काही कमीपणा नाही.

आता पाण्याची गोष्ट.

किरणोपचाराच्या वेळी मूत्राशय भरलेलं लागतं. भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर ढकलतं आणि स्वतःचाही बराचसा भाग किरणांच्या वाटेतून बाहेर काढतं. म्हणून आधी लघवी करून यायचं, मग ठरलेलं पाणी प्यायचं, साधारण अर्धा लिटर, आणि थांबायचं. रोज तेवढंच पाणी, रोज तेवढाच वेळ, कारण रोज मूत्राशय त्याच आकाराचं हवं. ज्या माणसाला लघवी धरवत नाही त्यालाच लघवी धरायला सांगणारा हा उपचार!

सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. आम्ही गाडीनेच जायचो. जुन्या हायवेने वडगाव, तळेगाव, सोमाटणे, देहूरोड करत पुण्यात. तिथे पोचल्यावर पाण्याची बाटली. बाहेरच्या बाकड्यांवर असेच आठ-दहा बाप्ये बाटल्या घेऊन बसलेले. कुणी बारामतीचा, कुणी जुन्नरचा, एक निवृत्त फौजदार, एक सराफ. यंत्र जरा उशिरा चाललं की सगळ्यांचे चेहरे सारखेच. नर्सबाई दार उघडून म्हणायच्या, "पाणी प्यायलात ना? आता थांबा." पहिल्या आठवड्यात तिथे कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात फौजदार मोठ्याने विचारायला लागले, "काय सराफ, धरण किती टक्के भरलं?" पवना धरणाचे आकडे रोज पेपरात वाचणारी माणसं ती. विनोद लगेच पोचला.

पंचविसावी बैठक झाली तेव्हा बाबांनी त्या बाकड्यावरच्या सगळ्यांना लोणावळ्याची चिक्की वाटली. मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं, हे सांगायलाच हा लेख लिहितोय.

पुढचं दीड-पावणेदोन वर्षं इंजेक्शनं चालू राहिली. टेस्टोस्टेरॉन खाली गेलं की काय काय होतं त्याची यादी डॉक्टरांनी दिली होती. हाडं विरळ होतात, स्नायू कमी होतात, पोट सुटतं, साखर वाढू शकते, मन उदास होतं, इच्छा जाते. यादी वाचणं वेगळं आणि जेवणाच्या ताटावर बसलेल्या वडिलांना एकाएकी घामाने निथळताना पाहणं वेगळं. भर डिसेंबरात, मावळातल्या थंडीत, बाबा शाल फेकून देऊन ओट्यावर जाऊन बसायचे. पाच मिनिटांनी थंडी वाजायची, परत शाल. रात्रीतून तीन-चारदा असं.

एकदा असंच ते घामाघूम होऊन आत आले. आई त्यांच्याकडे बघत होती. शांतपणे म्हणाली, "मला पन्नाशीला हेच होत होतं. तुम्ही म्हणायचात, पंखा लाव की."

बाबांना काही बोलायला सुचलं नाही. शास्त्र म्हणून पाहिलं तर आईचं शंभर टक्के बरोबर होतं. पाळी जाताना बाईचं इस्ट्रोजेन उतरतं तेव्हा होतं, तेच इथे टेस्टोस्टेरॉन उतरल्यावर होतं. फरक इतकाच की बायकांना ते कुणी इंजेक्शनच्या तारखा देऊन सांगत नाही. त्या दिवसापासून घरातली तज्ज्ञ आई झाली. रात्री सुती सदरा, उशाशी तांब्या, संध्याकाळनंतर तिखट नाही, चहा नाही. आणि वाफ आली की ओट्यावर जाऊन एकटं बसायचं नाही, तिला उठवायचं. या वयात मी माझ्या आईवडिलांना रात्री दोन वाजता अंगणात गप्पा मारताना पाहिलं आहे. कशाबद्दल ते मी विचारलं नाही. त्या दोघांमधलं काय गेलं आणि काय उरलं हा त्यांचा प्रश्न आहे, मुलाने त्यात डोकावू नये. पण ज्यांच्या घरी हा उपचार चालू आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांशी तोही विषय बोलावा. डॉक्टरांना त्यात नवल वाटत नाही, लाज आपल्यालाच वाटते.

हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि चालणं. वजन पेलणारा व्यायाम करा, असं सांगितलं होतं. जिमला जायचं नाव काढताच बाबा म्हणाले, "शेत काय दिसत नाही काय तुला?" आमचं थोडंसं भात आहे, इंद्रायणीचं. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आला, म्हणजे खरा इथलाच. बाबा बांधावरून चालायचे, रोपांच्या जुड्या उचलायचे. जास्त नाही, झेपेल तेवढंच. बांध अरुंद आणि निसरडा, आणि विरळ झालेल्या हाडांना पडणं परवडत नाही, म्हणून काठी घेऊन. २०२२ च्या आवणीला ते खाचरात उतरले नाहीत, बांधावरूनच सूचना देत बसले. मजूर बायका वैतागल्या. २०२४ च्या आवणीला उतरले. मला याहून चांगला रिपोर्ट कुठल्या लॅबने दिलेला नाही.

लघवीसाठी फिजिओथेरपिस्टने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम दिला. लघवी मध्येच अडवताना जे स्नायू आवळतात ते आवळायचे, काही सेकंद धरायचे, सोडायचे. अर्नॉल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी हा व्यायाम मांडला, म्हणून त्याला केगल म्हणतात. बाबांनी एकदा करून पाहिला आणि म्हणाले, "ही तर अश्विनी मुद्रा!" कारखान्यात असताना ते लोणावळ्याला एका योगशिबिराला गेले होते, तिथली आठवण.

अगदी तंतोतंत तेच नसलं तरी अश्विनी मुद्रा आणि मूलबंध याच भागाचे. आणि लोणावळ्याचं म्हणाल तर स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं ते योग तपासून पाहण्यासाठीच. उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब किती बदलतो हे त्यांनी यंत्र लावून मोजलं आणि 'योगमीमांसा'त छापलं. अलीकडे, २०१७ साली, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी प्रोस्टेटसाठी किरणोपचार घेणाऱ्यांना आठवड्यातून दोनदा योग करायला लावला. त्यांचा थकवा न करणाऱ्यांपेक्षा कमी राहिला, लघवीचंही बरं राहिलं. हां, पण योगाने कर्करोग जात नाही. असा दावा त्या अभ्यासातही नाही. ही तळटीप मुद्दाम वरच लिहितोय, कारण बाबांना इंजेक्शनं बंद करून अमुक काढा घ्या, तमुक पाला चावा असं सांगणारे गावात आणि फोनवर मिळून दहाबारा जण तरी भेटले. बाबा सगळ्यांना "बरं" म्हणायचे आणि इंजेक्शनची तारीख चुकवायचे नाहीत.

किरणोपचार संपल्यावर सव्वा वर्षाने शौचातून रक्त पडायला लागलं. बाबांनी महिनाभर कुणाला सांगितलं नाही. आईला शेवटी चड्डी धुताना कळलं. मला फोन आला तेव्हा मी एका क्लायंट कॉलवर होतो. उठलो आणि निघालो. गाडीत बसल्यावर बाबा पहिल्यांदा म्हणाले, "आता नको रे परत सगळं." आधी कधीच ते असं बोलले नव्हते.

तो कर्करोग नव्हता. किरणांनी गुदाशयाच्या आतल्या अस्तराला होणारी इजा कधीकधी उपचारानंतर महिन्यांनी, वर्षानेही दिसते. नाजूक रक्तवाहिन्या होतात, त्यांतून रक्त येतं. बऱ्याचदा काही न करता थांबतं, नाहीतर त्यावर औषधाचा एनिमा आणि दुर्बिणीतून करायचे उपाय आहेत. पण एक गोष्ट प्रत्येक रुग्णाने लक्षात ठेवावी. दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा की इथे किरण दिलेले आहेत. त्या जागेचा तुकडा सहज म्हणून काढला तर जखम भरत नाही. बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता मोठ्या अक्षरांत हेच लिहिलेलं आहे.

आणि मग पीएसए. इंजेक्शनं २०२३ च्या शेवटी थांबली, तेव्हा आकडा ०.०२ होता. मी अर्थातच एक्सेलमध्ये आलेख केला. आमच्या जमातीचा हा रोगच आहे, पण त्याला परंपरा मोठी आहे. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांना १९९५ साली हाच आजार निघाला. त्यांनी एकच नमुना दोन वेगवेगळ्या लॅबमध्ये पाठवून आधी मोजणीवर विश्वास ठेवता येतो का ते पाहिलं, शोधनिबंध वाचून निरनिराळ्या उपचारांचे निकाल स्वतः आलेखावर मांडले, मग आपला उपचार निवडला. १९९६ च्या मे महिन्यात 'फॉर्च्यून'मध्ये त्यांनी ते सगळं स्वतःच्या नावाने लिहिलं. एवढ्या मोठ्या कंपनीचा प्रमुख आपल्या प्रोस्टेटबद्दल उघडपणे लिहितो, याचं तेव्हा अप्रूप होतं. त्यानंतर ते २० वर्षं जगले.

बाबांचा आकडा पुढे ०.०२ वरून ०.१, मग ०.४, मग ०.६ असा चढला. तीन बिंदू आणि वर जाणारी रेघ. मॉनिटरिंगवर बसणारा कुणीही सांगेल, अशी रेघ दिसली की झोप उडते. डॉक्टरांनी बाजूचा टेस्टोस्टेरॉनचा आकडा दाखवला. तोही चढत होता. हार्मोन परत आलं की उरलेलं निरोगी प्रोस्टेटही थोडं पीएसए सोडतं. किरणोपचारानंतर आजार परतला असं कधी म्हणायचं याची व्याख्या ठरलेली आहे: सर्वांत खालच्या आकड्याच्या वर २. म्हणजे आमच्या घरची रेषा २.०२. तिच्या खाली अलर्ट वाजवायचा नाही. पुढच्या वेळी ०.५ आला. दर वेळी तीच लॅब, हेही त्यांनी बजावलं.

आलेख मी बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला. "हे ठीक आहे. पण रात्री मी चारदा उठतो ते यात कुठाय?"

मग ते उठले आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. जितक्या वेळा उठले तितके ठिपके. दूधवाल्याच्या नोंदीच्या शेजारी. दोन वर्षांची कॅलेंडरं त्यांनी जपून ठेवली होती, कुणीही सांगितलेलं नसताना. मी ते ठिपके एक्सेलमध्ये भरले. किरणोपचाराच्या पाच आठवड्यांत रात्री सहा-सहा, नंतर चार, उन्हाळ्यात तीन, संध्याकाळी कुणी पाहुणे येऊन चहा झाला की पुन्हा पाच. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी माझ्या पीएसएच्या आलेखाकडे एक नजर टाकली आणि ठिपक्यांचा कागद पाच मिनिटं वाचला. एक गोळी बदलली. सध्या दोन ठिपके असतात, कधी एकच.

कुणी म्हणेल, ७१ व्या वर्षी एवढं सगळं करायची गरज होती का? रास्त प्रश्न आहे. प्रत्येक प्रोस्टेट कर्करोगाला लगेच उपचार लागतोच असं नाही. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यांचा आजार ग्रंथीपुरताच होता, बहुतेकांचा सौम्य. काहींवर नुसती नजर ठेवली, काहींचं ऑपरेशन केलं, काहींना किरण दिले. १५ वर्षांनंतरचे निकाल २०२३ साली आले. तिन्ही गटांत प्रोस्टेट कर्करोगाने गेलेल्यांचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपासच होतं. तळेगावचे आमचे एक काका असेच नुसत्या नजरेवर आहेत, मजेत आहेत. पण बाबांचा ग्लिसन ८ होता. दोन माणसांचा एकच आजार नसतो, नाव तेवढं एक असतं.

आता बाबांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि त्यांना एक नवीन काम लागलं आहे. कुणीतरी येतं, आंदर मावळातून, पवन मावळातून, एकदा तर थेट मुळशीहून. ओट्यावर बसतं. इंद्रायणीला यंदा काय भाव मिळाला, पाऊस कसा झाला, मुलगा कुठे असतो, असं अर्धा तास चालतं. चहा होतो. मग आवाज खाली येतो, आणि आई काही न बोलता आत निघून जाते.

मी एकदा खिडकीशी बसून ऐकलं. बाबा त्या माणसाला सांगत होते ते मुद्दे इतके रोखठोक होते की मी लिहून घेतले. पन्नाशीनंतर धार बदलली तर वय झालं म्हणू नका, दाखवा. पिशवीत एक जास्तीची पँट आणि जुना टॉवेल ठेवा, लागत नाही पण असला की धीर येतो. रेल्वेत उपचाराला जाणाऱ्याला तिकिटात सवलत असते, बरोबरच्या एका माणसालाही असते, हॉस्पिटलचा दाखला मागून घ्या. रडू येईल, कारण नसताना येईल, तो औषधाचा परिणाम आहे, तुम्ही खचलात असं नव्हे. बायकोला पहिल्या दिवशी सांगा.

त्या माणसाने बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाला, "ते बैलासारखं करतात म्हणे, खरं का?"

बाबा म्हणाले, "हो. तुम्ही पाणी प्या आधी. मग निवांत सांगतो."